आप्पा पीत नव्हते

ऑफिसातल्या पाण्याच्या फिल्टरपाशी मी बाटली भरत उभी होते. शेजारच्या टेबलावरचा रणधीर मागं येऊन उभा राहिला आणि दुखवट्याला आल्यासारखा आवाज काढून म्हणाला, "मॅडम, वडिलांचं कळलं. लिव्हरचा कॅन्सर म्हणजे वाईटच. लई वर्षं पीत होते का?" बाटली भरून पाणी हातावरनं वाहायला लागलं तरी मला नळ बंद करायचं सुचलं नाही. मी म्हटलं, "कोण पीत होतं?" रणधीर चपापला. "न्हाई, मी परवा मुरुमला गेलतो, सासुरवाडीला. हॉटेलात तुमचा भाऊ दूध घालायला आलता. त्यानंच सांगितलं सगळ्यांसमोर. म्हणला, आप्पाला बाटलीनं खाल्लं." एवढं बोलून त्यानं वर मला धीरही दिला, की आजकाल घरोघरी हेच चाललंय. मी बाटलीचं झाकण लावलं, साहेबांच्या टेबलावर अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज ठेवला, आणि जिन्यावरनं उतरताना लक्षात आलं की आपले दात आवळून आवळून कानशिलं दुखायला लागलीत.

आप्पा पीत नव्हते. हे मला एकदा नीट सांगू द्या, कारण आता हे सांगणारी मी एकटीच उरलेय असं दिसतंय. धुळाप्पा म्हटलं की लोहाऱ्यापासून मुरुमपर्यंतच्या धनगरवाड्यांवर लोक हसायचे, ते याच गोष्टीवरनं. लोकर कातरणीच्या दिवशी भावकीतले कातरणारे दहा-बारा गडी यायचे, दिवसभर मेंढ्या आडव्या पाडून कातर चालवायचे, आणि संध्याकाळी मटणाबरोबर त्यांना बाटली लागायची. सगळीकडं तोच रिवाज. आमच्याकडं मटण मिळायचं, भाकरी मिळायची, वर आप्पा प्रत्येकाच्या पानात स्वतः तूप वाढायचे, पण बाटली नाही. लोक म्हणायचे, धुळाप्पाकडं कातरायला जायचं म्हणजे सोवळ्यात जेवायला जायचं. एकदा माझा चुलता चोरून घेऊन आला, तर आप्पांनी त्याची बाटली त्याच्यासमोर नांगरटीत ओतली आणि त्याला म्हणाले, "आता जेव." आई हसत सुटली होती. ती जाऊन सहा वर्षं झाली. ती असती तर मुरुमच्या हॉटेलात जाऊन बालाजीचा कान धरून त्याला बाहेर ओढलं असतं तिनं, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

लोहाऱ्याच्या एस.टी.त खिडकीशी जागा मिळाली. डोकं गजाला टेकवलं तर गाडीच्या थरथरीनं दात वाजायला लागले, म्हणून सरळ बसले. शेजारच्या बाईच्या मांडीवर मेथीची जुडी होती आणि तिचा ओला वास येत होता. तीन आठवड्यांपूर्वी सोलापूरला जातानाही असाच काहीतरी वास होता, आणि आप्पा माझ्या खांद्यावर मान टाकून झोपले होते. त्यांची मान एवढी हलकी झालीय हे मला तेव्हाच कळलं. त्याआधीचं वर्ष-सव्वा वर्ष माझा धाकटा भाऊ बालाजी त्यांना तालुक्याच्या एका खासगी डॉक्टरकडं नेत होता. मी फोनवर विचारायची, काय म्हणाले? तो म्हणायचा, लिव्हरला सूज हाय, औषध चालूय. मीही हो म्हणून फोन ठेवायची, मार्च एंडिंग आहे, तपासणी पथक येणार आहे. मग दिवाळीला गेले तर पोट पाण्यानं फुगलेलं आणि पाय काटक्या झालेले. मी कुणाचं ऐकलं नाही, उचलून सोलापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या लेकीपेक्षा, ज्ञानेश्वरीपेक्षा, थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी जुने कागद चाळले आणि विचारलं, "बाबा, दारू कधी सोडली?" आप्पा फरशीकडं बघत म्हणाले, "झाली की दोन वर्षं." मी हसलेच. म्हटलं, अहो मॅडम, त्यांनी कधी शिवलीसुद्धा नाही, आजारानं काहीही बोलतायत. बाई माझ्याकडं बघून समजुतीचं हसल्या. लेकी असंच म्हणतात, असं ते हसू होतं. मला त्या हसण्याचा असा राग आला होता, की आप्पा काय बोलले, का बोलले, हे विचारायचंच राहून गेलं. माझं हे नेहमीचं आहे. राग आला की मला पुढचं दिसत नाही.

पण बाई कामाला चोख निघाल्या. त्यांनी रक्त सगळं नव्यानं काढलं, सोनोग्राफी, मग ते मशीनमधलं स्कॅनिंग. दोन दिवसांनी मला एकटीला बोलावून म्हणाल्या, लिव्हरमध्ये गाठ आहे, कॅन्सरची आहे, आणि हे दारूचं दिसत नाही. रक्तात हिपॅटायटिस बी निघालाय. मी म्हटलं, म्हणजे कावीळ? आप्पांना कावीळ कधी झालीच नाही. त्या म्हणाल्या, पिवळं न होताच तीस-चाळीस वर्षं राहतो तो अंगात, माणूस शेतात राबत असतो, जेवत असतो, त्याला पत्ताही नसतो. आणि मग प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागं त्यांनी मला लिव्हरचं चित्र काढून दाखवलं. आमच्याकडं कावीळ म्हणजे कावीळ, गळ्यात माळ घालायची नाहीतर हातावर डाग द्यायचा, संपलं. त्या म्हणाल्या, नाव एक असलं तरी आतली भुतं वेगळी आहेत. दूषित पाण्यातनं येते ती कावीळ येते आणि जाते, तिचा कॅन्सर होत नाही. हिपॅटायटिस सी असला तर तो आधी वर्षानुवर्षं लिव्हर निबर करत नेतो आणि मग बहुतेक त्या निबर लिव्हरमध्ये गाठ धरते. पण सीवर बारा आठवड्यांच्या गोळ्या आहेत, बहुतेकांच्या अंगातनं तो निघून जातो. बीचं तसं नाही. बी पेशीच्या आत जाऊन तिच्या मुळाशी बसतो, आणि लिव्हर वरनं धड दिसत असतानाही गाठ करू शकतो. त्याला हाकलता येत नाही, दाबून ठेवता येतं. रोज एक गोळी, बहुधा जन्मभर. मी विचारलं, ही गोळी आप्पांना वर्षभर आधी मिळाली असती तर? त्यांनी पेनचं टोपण लावलं. म्हणाल्या, खात्रीनं कुणी सांगू शकत नाही, पण धोका कमी झाला असता. आणि आताही ती चालू करायचीच, कारण कॅन्सरच्या उपचारात हा उसळून येतो. महाग असेल ना, मी विचारलं. "सरकारी दवाखान्यात फुकट मिळते," त्या म्हणाल्या. फुकट. फुकट मिळणारी गोळी माझ्या बापाला सव्वा वर्ष कुणी दिली नाही, कारण एका कागदावर कुणीतरी दारू लिहिलं होतं आणि पुढं कुणी तपासायची तसदी घेतली नाही. खेड्यातला म्हातारा, धनगर, पोट फुगलेलं. पीतच असणार. विचारायचं कशाला!

"कुठनं आला असेल हा?" मी विचारलं होतं. बाई म्हणाल्या, आता सांगता येणार नाही. आईकडनं जन्मताना, न उकळलेल्या सुईतनं, एकाच वस्तऱ्यानं. एकत्र जेवून नाही, दुधातनं नाही, शेजारी झोपून नाही. वस्तरा म्हटल्याबरोबर मला बिरुदेवाचा माळ दिसला होता. भावकीतल्या पोरांचं जावळ आमच्यात एकाच दिवशी काढायचे, देवासमोर, ओळीनं बसवून. बालाजीच्या वेळी मी अकरा वर्षांची होते. नऊ पोरं, एक वस्तरा. रडणाऱ्या पोराची मान हलली की कातडी कापायची. मग त्यावर भंडारा दाबायचा, वस्तरा तळहातावर पुसायचा आणि पुढचं डोकं. पोरं झाली की त्याच वस्तऱ्यानं बाप्ये दाढ्या करून घ्यायचे. आप्पा पहिले बसायचे, मानाचे म्हणून. माझंही जावळ त्याच माळावर तसंच निघालेलं, आई सांगायची. त्या दिवसाचा भंडाऱ्याचा आणि मटणाच्या रश्श्याचा वास मला इतका आवडायचा! आता कुणावर चिडायचं? देवावर? वस्तऱ्यावर? ज्यांना काही ठाऊकच नव्हतं त्यांच्यावर मला चिडता येत नाही. ज्यांना ठाऊक होतं त्यांच्यावर मात्र येतं. बाईंनी मला बजावलं होतं, घरातल्या सगळ्यांची तपासणी करा. सून गरोदर असेल तर तिची आधी. तिला असला तर बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत लस आणि बरोबर आणखी एक इंजेक्शन द्यायला लागतं, म्हणजे बाळ बहुतेक वाचतं. नाहीतर हाच रोग त्याच्या अंगात जन्मभर बसतो. मी सोलापूरच्या स्टँडवरनंच बालाजीला फोन लावला होता. अयोध्येला, म्हणजे त्याच्या बायकोला, तेव्हा आठवा लागलेला. तो म्हणाला, व्हय आक्का, करतो की. तीन आठवडे मी दर दोन दिवसांनी विचारतेय आणि तो व्हय आक्का म्हणतोय.

लोहाऱ्याहून जीपनं गावात पोचले तेव्हा धारेची वेळ झाली होती. बालाजी गोठ्यात म्हशीखाली बसला होता, बादलीत धार वाजत होती. मी चप्पलही न काढता गोठ्यात शिरले आणि म्हटलं, "आप्पाला बाटलीनं खाल्लं व्हय रे?" धार थांबली. त्यानं मान वर केली नाही. मी म्हटलं, "ज्या माणसानं आयुष्यात कधी थेंब तोंडात घेतला नाही, त्याची तू हॉटेलात बसून आब्रू काढतोस? लाज वाटली नाही तुला?" तो म्हणाला, "आक्का, हळू बोल." "का हळू बोलू? तू तर चारचौघांत बोललास!" म्हैस बिचकली, तिनं पाय आपटला, बादली कलंडता कलंडता त्यानं धरली. मग तो उठला, हात चड्डीला पुसले आणि म्हणाला, "दोन वर्सांमागं आप्पाच्या डोळ्याचं आप्रेशन न्हवतं का केलं शिबिरात? तवाच रक्तात निघालतं ते. तितल्या बाईनं चिठ्ठी लिवून दिली, मोठ्या दवाखान्यात न्या म्हणून."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. म्हणजे ऐकू आलं, पण आत शिरलं नाही. दोन वर्षं! मी विचारलं, चिठ्ठी कुठंय? तो म्हणाला, पेटीत हाय. पेटीत! आईच्या लुगड्यांच्या पेटीत त्यानं ती चिठ्ठी घडी करून ठेवली होती आणि तालुक्याच्या डॉक्टरला सांगितलं होतं की म्हातारा पितो. मी त्याच्या कानाखाली मारली. चाळिशीला आलेल्या, बाप होणाऱ्या माणसाच्या कानाखाली. तो गाल चोळतही बसला नाही. म्हणाला, "मार. पर ऐक. मला पस्तीस वर्सं पुरी झाली तरी कोण पोरगी देत न्हवतं. नोकरी न्हाय, मेंढरं गेली, म्हशीवर कोण देतंय? अठरा ठिकाणी गेलतो बघायला. अयोध्येच्या बापानं हो म्हणून सुपारी फोडली आन् चौथ्या दिवशी ती चिठ्ठी आली. काय करू? जाऊन सांगू, आमच्या घरात पसरणारा रोग हाय? मुरुमात चाळीस घरी रतीब हाय माझा. कावीळवाल्याचं दूध म्हणतील, एक घर घ्यायचं न्हाय." मी म्हटलं, दुधातनं होत नाही तो! "तुला ठाव हाय, मला ठाव हाय. चाळीस घराला कोण सांगणार? दारू म्हटलं की एकल्याचं नाव जातंय. लोक हळहळतेत आन् दूध घेतेत."

"त्याला मारू नगंस." आप्पा भिंतीला धरून गोठ्याच्या दारात येऊन उभे होते. धोतरावर पोट पुढं आलेलं, खांद्यावर घोंगडं, आणि आवाज एवढासा. "म्याच सांगितलं त्याला, पितो म्हण म्हणून." मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही?" "मग काय करायचं? त्या सोलापूरच्या बाईला बी म्याच सांगितलं. म्या पिकलं पान न्हाय का, आज न्हाय उद्या जायाचा. माज्यासंगं दारूचं नाव जाईल. त्या रोगाचं नाव घरात ऱ्हाईल, नातवंडापतोर." आणि ते हसले. खरंच हसले, एखादा चांगला सौदा जमवल्यासारखे. मला त्या क्षणी त्यांचा जेवढा राग आला तेवढा बालाजीचाही आला नव्हता. मी ओरडले, "नाव नाही हो, रोगच राहील! नावाला काय घेऊन बसलात? तुम्ही नाव झाकलंत आणि रोग घरात ठेवलात! बालाजीची तपासणी नाही, अयोध्येची नाही, उद्या तिच्या पोराला झाला तर त्याला पण दारू पितो म्हणणार का तुम्ही, पाळण्यात?" आप्पांचं हसू तसंच तोंडावर राहिलं, फक्त खांद्यावरचं घोंगडं त्यांनी पोटावर ओढून घेतलं. मी हे बोलायला नको होतं. पण बोलले, आणि आताही मला त्यातला एक शब्द मागं घ्यावासा वाटत नाही.

अयोध्या चुलीपुढनं उठून आली होती. कधी आली, किती ऐकलं, कळलं नाही. तिनं आधी आप्पांना हाताला धरून बाजेवर बसवलं, त्यांच्या पाठीशी वाकळ लावली आणि मग माझ्याकडं वळून विचारलं, "कुठली तपासणी, आक्का?" तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. गावातली नर्सबाई दोनदा बोलवायला आली, तर बालाजीनं सांगितलं, पहिलं बाळंतपण माहेरी आहे, तिकडं करतील. तिकडचे समजत होते, सासरी झालंच असेल. सोमवारी तिचे वडील माणिकप्पा तिला न्यायला यायचे होते. मी तिला सगळं सांगितलं, चोवीस तासांचं, इंजेक्शनचं, चित्रासकट. ती पोटावर हात ठेवून ऐकत होती. रडेल असं मला वाटलं होतं. ती बालाजीकडं वळून एवढंच म्हणाली, "माझ्या बापानं तुमच्याकडं बघून दिलं मला, म्हशींकडं बघून न्हाय." बालाजी बादली घेऊन बाहेर निघून गेला. त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही.

सकाळी सातच्या जीपनं आम्ही दोघी निघालो. जीपमध्ये बारा माणसं, त्यात अयोध्येला पुढं ड्रायव्हरशेजारी बसवली आणि तिच्या बाजूला मी. रस्ता उखडलेला. प्रत्येक खड्ड्याला तिचा हात पोटाखाली जायचा. मीच बोलत होते, अजून माझा राग उतरला नव्हता. दोन वर्षं चिठ्ठी पेटीत ठेवणारी माणसं म्हणजे माणसं का, लोकांची तोंडं काय घेऊन बसलेत, तपासणी करायला असा कितीसा वेळ लागतो, पाच मिनिटं. ती म्हणाली, "आक्का, तुमचं काय निघालं?"

"माझं?"

"तुमची तपासणी. तीन आठवडे झाले म्हणलात ना."

मी समोरच्या काचेतनं रस्त्याकडं बघितलं. तीन आठवडे. धाराशिवला माझ्या ऑफिसपासून सरकारी दवाखाना चालत दहा मिनिटांवर आहे. रोज दुपारी मी त्याच्यासमोरनं जाते. मी स्वतःला सांगत होते की आधी आप्पांचं बघू, मग अयोध्येचं. पण खरं कारण मला जीपमध्ये बसल्या बसल्या इतकं स्वच्छ दिसलं, की मला स्वतःच्याच कानाखाली मारावीशी वाटली. ज्ञानेश्वरीचं जमत आलंय. मुलगा बँकेत, माणसं चांगली, पुढच्या पंधरवड्यात सुपारी फोडायची ठरलीय. माझ्यात निघालं तर तिची तपासणी आली. आणि तिच्यात निघालं तर? मी कुठली पेटी शोधली असती? क्षणभर मी अयोध्येवरच चिडले, ही कोण मला विचारणारी म्हणून. मग मी म्हटलं, "केली नाही अजून." तिनं नुसती मान हलवली. तिनं मला काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मुरुमच्या सरकारी दवाखान्यात रक्त घ्यायच्या खोलीबाहेर बाकावर गर्दी होती. आमचा नंबर आला, पडदा सरकवून आत गेलो, तर टेबलामागं महादेवी सिस्टर. ज्ञानेश्वरीला बघायला आलेल्या माणसांत पुढं बसून सगळ्यात जास्त हसलेल्या, मुलाच्या सख्ख्या आत्या. "अगंबाई, विहीणबाई!" त्या खुर्चीतनं उठल्याच. "तुमी इकडं कशा? या, या, बसा. भावजयीला आणलंय व्हय? कितवा चाललाय?" त्यांनी अयोध्येच्या पाठीवरनं हात फिरवला, तिचा दंड बांधला, गोड बोलत बोलत रक्त काढलं, कापूस दाबला. तिला लागलंही नसेल. मग नळीवर नाव लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "कुठली तपासणी लिवू?" अयोध्येनं माझ्याकडं बघितलं. मला सांगता आलं असतं, रक्त वाढलंय का ते बघायचंय. तालुक्याला, धाराशिवला, सोलापूरला, कुठंही जाऊन नाव न सांगता आमचं आम्ही करून घेतलं असतं. पडद्यापलीकडं बाकावरची बाई खोकत होती.

मी अयोध्येच्या जागेवर बसले, ब्लाऊजची बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. म्हटलं, "हिपॅटायटिस बी. तिचीही आणि माझीही. माझ्या वडिलांना आहे. त्यातनंच कॅन्सर झालाय त्यांना." त्यांच्या हातातला पेन थांबला. त्या म्हणाल्या, "पण आमाला तर सांगितलं की तुमचे वडील…" मी म्हटलं, "खोटं सांगितलं. ते पीत नव्हते. रक्त घ्या."

महादेवी सिस्टरनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं. मग खोक्यातनं नवे हातमोजे काढले आणि आधीच्या हातमोज्यांवरच ते चढवायला लागल्या. विहीणबाई म्हणाल्या नाहीत पुन्हा. मी मूठ आवळली आणि हात तिथंच ठेवला.